चार फुटांवरून मिठागर

लांबून फोटो काढणाऱ्या माणसांवर माझा राग आहे. तो एका कॅलेंडरपासून सुरू झाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. विरारला माझं टाइल्सचं दुकान चांगलं चालत होतं. दुकान म्हणजे आधी एक हातगाडी होती, मग पत्र्याची शेड, मग रस्त्यावरचा गाळा. हे सगळं मी कुणाच्या बापाच्या पैशावर केलेलं नाही, माझ्या बापाच्याही नाही. माझे वडील नायगावच्या मिठागरात मजूर होते आणि चाळीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या जमिनीवर मीठ पिकवलं होतं.

तर नायगावच्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी फरशीचा दर ठरवायला गेलो होतो. बिल्डरच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर मिठागर, मिठाचे ढीग आणि वाकून फावडं ओढणाऱ्या माणसाची पाठ. खाली छापलं होतं, ‘श्रमाचे सौंदर्य’. मी दर बोलता बोलता थांबलो. त्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. गंजीवर निळ्या दोऱ्याने ठिगळ लावलेलं होतं. तो निळा दोरा माझ्या आईच्या डब्यातला होता.

“हे पान मला पाहिजे,” मी म्हणालो.

“शेठ, महिना संपायचाय अजून.”

“फुटामागे पन्नास पैसे कमी करतो. पान द्या.”

बिल्डर हसायला लागला. “पन्नास पैशांसाठी गेल्या वेळी तुम्ही दोन तास माझं डोकं खाल्लंत. आज काय झालं?”

मी पान फाडलं, गुंडाळी केली आणि तसाच मिठागराच्या कडेला असलेल्या आमच्या घरी गेलो. बाबा अंगणात पाय धूत होते. त्यांनी ओल्या हातांनी पान धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

“हा मी नाय,” ते म्हणाले. “ही माजी पाठ हाय.”

“तुम्हाला विचारलं होतं का कुणी?”

“कोन इचारतंय? बांदावर उभा व्हता येक जन. ल्हान तोफ घेऊन. मना वाटला जमीन मोजतंय.”

मी पेटलो. कॅलेंडर काढणाऱ्या कंपनीला फोन केला, आरडाओरडा केला. त्यांनी फोटोग्राफरचं नाव सांगितलं नाही, आणि फोनवर एक बाई गोड आवाजात म्हणाली की फोटो सगळ्यांना खूप आवडला. बाबा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी फक्त त्या दिवसापासून कॅमेऱ्याकडे पाठ केली. माझ्या भाचीच्या लग्नात फोटोसाठी स्टेजवर बोलावलं तर पंगतीत वाढायला निघून गेले. आमच्या घरात त्यांचा चेहरा दिसेल असा एकही फोटो नव्हता.

पुढच्याच हंगामाच्या सुरुवातीला मालकाने सांगितलं की मिठागराची जमीन विकली गेली आहे. हे शेवटचं वर्ष. पाऊस पडायच्या आत शेवटचं मीठ निघेल, मग भराव पडेल, इमारती उभ्या राहतील. त्यातल्या दोन इमारतींच्या फरशीचं काम मलाच मिळणार होतं, हेही लिहून ठेवतो. मला एकच गोष्ट हवी होती. मिठात उभ्या असलेल्या बाबांचा एक फोटो, समोरून, चेहऱ्यासकट. त्यासाठी मे महिन्यापर्यंतचा वेळ होता.

कॅमेरा माझ्याकडे होता. राजस्थानच्या सहलीसाठी घेतलेला, सोबत मोठी झूम लेन्स. सहलीतले उंट, किल्ले, फेटेवाले म्हातारे, सगळं मी बसच्या पायरीवरूनच जवळ ओढून घेतलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. त्या वर्षी मला आणखी लांबचं पाहणारी लेन्स घ्यायची होती. हिशोब सोपा होता. बाबांना कळणारही नाही इतक्या लांबून मी त्यांचा चेहरा टिपणार होतो.

त्याच सुमारास पापडीला एका घरात न्हाणीघराची फरशी बदलायचं काम आलं. केळीच्या वाडीतलं जुनं घर, पुढे रुंद पडवी. घरातले अंकल मालवाहू जहाजावर कुक होते, तीस वर्षं समुद्रावर काढून घरी बसलेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्स विकून टाकायच्या होत्या. मी माप घेता घेता ते ऐकलं आणि टेप गुंडाळून ठेवला.

अंकलनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. दमट हवेत काचेला बुरशी धरू नये म्हणून आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी होती. तीन लेन्स होत्या, पुढेमागे न होणाऱ्या, ज्यांना प्राइम म्हणतात. एक रुंद दृश्य घेणारी, २८ मिलिमीटरची. एक मधली, ५०ची. आणि एक लांब, १३५ची.

“ही लांब द्या,” मी म्हणालो.

“कोणापासून लांब राहायचंय तुला?”

माझं डोकं तापलं. “अंकल, विकायचं असेल तर विका. उपदेश ऐकायला मी तुमच्या चर्चमध्ये येईन.”

आतून आंटी मोठ्याने हसल्या. “बरं झालं, कोणीतरी बोललं याला!”

अंकलही हसले. म्हणाले, आधी तुझे फोटो दाखव. दुसऱ्या दिवशी मी राजस्थानचा अल्बम घेऊन गेलो. ते भिंग घेऊन एकेक पान बघत राहिले.

“उंट छान आहेत. माणसं कुठे आहेत?”

“ही काय, पानभर आहेत.”

“या पाठी आहेत,” ते म्हणाले. “एवढा फिरलास आणि एकानेही तुझ्याकडे बघितलं नाही?”

मी अल्बम त्यांच्या हातातून काढून घेतला. खरं तर उठून जाणार होतो. पण त्यांनी स्वतःचा अल्बम उघडला आणि मी बसलो तो दोन तास बसलो. कुठकुठली बंदरं होती, मला त्यांची नावंही उच्चारता येत नव्हती. पोती उचलणारे हमाल, जाळी विणणारे म्हातारे, गलबतावर दाढी करणारा एक जण. आणि सगळे थेट माझ्याकडे बघत होते. कुणी हसत होतं, कुणी चिडलं होतं, कुणाला माझी दया येत होती. तसं काही मी त्याआधी कागदावर पाहिलं नव्हतं. एका कोळणीच्या डोळ्यांत तर माझ्यासारखाच राग होता.

“हिने मला मासा फेकून मारला होता,” अंकल म्हणाले. “मग तोच तळून खायला घातला. त्यानंतरचा फोटो.”

“कुठल्या लेन्सने?”

“सगळे या एका.” त्यांनी ५०ची उचलली. “हिला जवळ ओढता येत नाही. माणूस मोठा हवा असेल तर तुलाच चालत जावं लागतं. चालत गेलास की तो बोलतो. बोलला की बघतो.”

त्यांनी ती माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि मी डोळा लावला. आमच्यासमोर आंटींचं स्वयंपाकघर होतं. नुसत्या डोळ्यांना ते अंधारं दिसत होतं. माझ्या झूममधून तर तिथे काहीच दिसलं नसतं. या काचेतून मात्र उजेड जणू आतून उमलत होता. मडक्याच्या गळ्याशी थांबलेला पाण्याचा थेंब दिसला. आंटींच्या बांगडीवरचं पीठ दिसलं. त्यांच्या मागची भिंत मऊ होऊन विरून गेली. त्या लेन्सची काच इतकी मोठी उघडते की थोडा उजेडही तिला पुरतो, हे अंकलनी नंतर समजावलं. पण तेव्हा मला वाटलं, ही बाई मी आत्ताच पहिल्यांदा पाहिली.

तरी मी भाव केला. माझा स्वभाव आहे तो. काचेवर ओरखडा दाखवला, रिंग घट्ट आहे म्हणालो, उठून फाटकापर्यंत जाऊनही आलो. अंकल एक रुपया खाली आले नाहीत.

“असं कर,” शेवटी ते म्हणाले. “कुणीतरी तुझ्याकडे बघतंय असा एक फोटो आणून दाखव. ही रुंदवाली फुकट देईन.”

एकाच्या किमतीत दोन. मी लगेच हात पुढे केला.

पहिल्या रविवारी मी मिठागरात गेलो तो बाबा जेवायला गेल्यावर. माणसं नसताना जागा शिकून घेऊ असा विचार केला. बांधावरून फिरत पूर्ण रोल संपवला. कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी सुई प्रत्येक वेळी नीट मध्ये आणली. वसई स्टेशनजवळच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आणले आणि बाबांपुढे ठेवले. तेवढ्याने तरी त्यांचं मन वळेल असं वाटलं.

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

“कोनाचा मीठ हाय हा?”

“आपलंच. रविवारचं.”

“असला मलका मीठ मी कदी पिकवला नाय,” ते म्हणाले आणि फोटो पालथे ठेवले. “लोकांना दाखवू नको.”

खरंच, सगळं मीठ राखाडी आलं होतं. सिमेंटसारखं. मी चिडून लेन्स घेऊन पापडीला गेलो. माझी खात्री झाली होती की म्हाताऱ्याने मला फसवलंय. अंकलनी फोटो हाताळलेही नाहीत.

“सुई मध्ये आणलीस ना? तिला वाटतं जगात सगळं करड्या रंगाचं आहे. पांढरंशुभ्र दिसलं की ती घाबरते आणि उजेड कमी करायला सांगते. बर्फाच्या बंदरात माझे पहिले तीन रोल असेच गेले. तिचं ऐकू नकोस. लेन्सची रिंग दोन घरं जास्त उघड.”

मिठागरात जन्मलेल्या माणसाने मिठाच्या रंगाबद्दल सुईवर विश्वास ठेवला, याची मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या वेळी मी बाबा कामावर असतानाच गेलो. सकाळचे आठ वाजले असतील. बाबा चौथ्या वाफ्यात फावडं ओढत होते. बांधावरून लेन्समधून पाहिलं तर ते नखाएवढे दिसत होते. चालायला हवं होतं. मी डोळा कॅमेऱ्याला लावूनच बांध उतरलो आणि वाफ्यात शिरलो. दहा पावलं गेलो असेन.

“आरं ए!” बाबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वाफ्यातले लोक थांबले. “पाय बग तुजे!”

माझ्या पायात बूट होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिठाच्या वाफ्याचा तळ म्हणजे नुसता चिखल नसतो. हंगामाच्या आधी माणसं रांगेने उभी राहून अनवाणी पायांनी तो दिवस दिवस तुडवतात. फरशीसारखा घट्ट झाला की मगच त्यावर खारं पाणी घेतात. तळ जितका घट्ट तितकं मीठ पांढरं. तिथे पायताण घालून कुणी जात नाही, मालकही नाही. मी चालायला लागलो तेव्हापासून मला हे माहीत होतं. टाचेखाली तळ फुटून काळा गाळ वर आला होता आणि दहा पावलांचे दहा काळे डाग पसरत होते.

“परक्यावानी आलास,” बाबा हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले होते त्यापेक्षा हे जास्त लागलं.

शेजारच्या वाफ्यातून एका म्हाताऱ्याने टोमणा मारला, “शेट हायत आता! फरशी बसवाला आलं वाटतं!”

मी नेहमीसारखा उलटून बोललो नाही. बूट काढून बांधावर ठेवले, कॅमेरा त्यांच्यावर ठेवला, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडली. बाबांनी त्या कोपऱ्यातलं पाणी वळवून काढलं, काळं मीठ खरवडून बाजूला टाकलं आणि उघडी पडलेली जागा दाखवली.

“तुडव.”

मी तुडवायला लागलो. चुकीचं तुडवत होतो, म्हणून तेही शेजारी येऊन उभे राहिले. टाच आधी, मग तळवा, मग अर्धं पाऊल पुढे. उजवा, डावा. खाऱ्या चिखलाने माझ्या मऊ पडलेल्या पायांची आग होत होती. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून परत गेलो, तिसऱ्या दिवशीही. कॅमेरा नेला नाही.

तिसऱ्या दिवशी तुडवताना मी मान वळवली. बाबा माझ्यापासून दोन हातांवर होते. इतकी वर्षं मी त्यांना पाहत आलो होतो, ते बांधावरून, घरातून, ताटासमोर. कामात असताना इतक्या जवळून कधीच नाही. मिठावरून उलटा येणारा उजेड त्यांच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांत, डोळ्यांच्या खोबणीत भरला होता. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड वरून पडतो, त्यांच्या चेहऱ्यावर तो खालूनही येत होता. पापण्यांच्या केसांवर मिठाचे बारीक कण होते. ओठ हलत होते. ते पावलं मोजत होते. चाळीस वर्षं हा माणूस असा आतून उजळलेला होता आणि कुणी पाहिलं नव्हतं. मी पाय हलवायचे विसरलो.

“काय बगतंस?”

“काही नाही.”

“तुडव मंग.”

घरी जाताना बांधावर ते स्वतःहून म्हणाले, “शेवटचा ढीग लावताना आन तुजी डबी. आनि मीठ नीट काढ.”

शेवटचा ढीग मेच्या शेवटच्या आठवड्यात लागला. मालकाने पेढे पाठवले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. दिवसभर मी टोपल्या उचलल्या. उन्हं उतरल्यावर बाबा ढिगाशी उभे राहिले. खाडीच्या अंगाने उजेड तांबूस होत होता. रिकाम्या वाफ्यांत थोडं थोडं पाणी होतं आणि प्रत्येकात एकेक आभाळ उतरलं होतं. सगळीकडे इतका उजेड, इतकी शांतता, की मोठ्याने बोलायची भीती वाटावी. माझ्या जन्माच्या आधीपासून हे रोज होत होतं. माझ्या फरशीखाली हेच जाणार होतं.

मी अनवाणी चालत गेलो. रोलमध्ये मुद्दाम थोडेच फोटो उरवले होते, उगाच दाबत बसू नये म्हणून. सुई मध्ये आणली, मग तिचं न ऐकता दोन घरं उघडलं. चार फुटांवर थांबलो.

“आनखी जवल?” बाबांनी विचारलं.

“एवढं पुरे.”

त्यांनी मान पुढे काढून लेन्सच्या काचेत पाहिलं. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

“यान मी दिसतंय रं,” ते म्हणाले. “आनि मागं सगला आगर.”

काचेतल्या त्या एवढ्याशा मिठागरावरून त्यांनी नजर उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही. मी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला की पांढरं जास्त झालंय, परत काढून देऊ का. मी त्याला दोन शब्द सुनावले आणि फोटो घेऊन घरी गेलो. बाबांनी आधी स्वतःला पाहिलंच नाही. बोट ढिगावर ठेवलं.

“हा आपला मीठ,” ते म्हणाले. मग बोट सरकवून, “डावे अंगाला ढीग जरा वाकरा लागलाय.”

पापडीला अंकलना फोटो नीट दिसेना. त्यांनी तो डोळ्यांना जवळजवळ चिकटवला.

“किती लांबून?”

“चार फूट.”

“बघतोय का तुझ्याकडे?”

“माझ्याकडेच,” मी म्हणालो.

त्यांनी डब्यातून रुंद लेन्स काढून दिली. मी घेतली. फुकटात ठरलेली वस्तू मी का सोडू? पण ती आजही तांदळाच्या पुरचुंडीशेजारी पडून आहे. पुढे मी कच्छला गेलो, दक्षिणेत फिरलो, पहाडात गेलो, सगळीकडे ५०चीच नेली. फोटो कमी येतात. चालावं खूप लागतं. बसमधले लोक खोळंबतात आणि मला शिव्या देतात, मीही देतो.

बाबांचा फोटो फ्रेम करायचा ठरला तेव्हा फ्रेमवाल्याने मागे लावायला पुठ्ठा मागितला. बाबा आत गेले आणि ट्रंकेतून कॅलेंडरचं ते पान घेऊन आले. मी ते कधीच जाळलं असतं. त्यांनी घडी मोडली, हाताने सपाट केलं.

“जारसर कागद हाय,” ते म्हणाले. “मागं लाव.”

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. दर दिवाळीआधी भिंतीला रंग देताना मी ती फ्रेम खाली उतरवतो. उतरवताना मागची बाजू समोर येते. निळ्या दोऱ्याचं ठिगळ, वाकलेली पाठ आणि खाली ते दोन शब्द. दरवर्षी माझं डोकं तापतं, दरवर्षी मी त्या बांधावरच्या माणसाला मनातल्या मनात सुनावतो. मग रंगवाला हात पुसत म्हणतो, “शेठ, धरून काय उभे राहिलात?” आणि मी फ्रेम उलटी करतो.